मानस

बांबोळीच्या टेकडीवर, तळमजल्यावर,
जिथं एसीखालची बादली दर दोन तासांनी ओतावी लागते
त्या खोलीत मी काम करते.
अकरा महिन्यांचा करार, एक दिवस बेकार,
मग पुन्हा अकरा महिने.

डिचोलीत आई शेजारणीला सांगते, मेंदूचं शिकते.
म्हणजे डॉक्टर?
नाही.
वेड्यांची?
नाही गो.
मग पुढे काय होणार ती?
आई गप्पा आंबाड्यांवर नेते.

पुढे म्हणजे पाच वर्षं पीएचडी,
मग दोन वर्षं कुणाच्या लॅबमध्ये, दोन आणखी कुणाच्या.
माझ्याआधी या खुर्चीवर बसणारी निर्झरा
आता तीन वाजता अंधारणाऱ्या गावात
उंदरांच्या झोपेचा हिशेब ठेवते.
लिहिते: पगार बरा आहे, ऊन नाही.

त्या सोमवारी फॉर्म भरत होते.
नाव रुझार फेर्नांदिश, वय एकसष्ट, गाव चोडण.
धंदा?
बायको म्हणाली, ‘मानसार काम करता.’
माझं पेन थांबलं.
म्हटलं, मीही.
ती हसली नाही.

मला ठाऊकच नव्हतं,
खाजनाच्या बांधात पाण्याचं एक लाकडी दार असतं
आणि त्याला मानस म्हणतात.
भरती चढली की नदीच ते ढकलून मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून उघडतं.
माणसानं फक्त राखायचं:
फळी, बिजागरी, कुर्ल्यांनी पोखरलेली माती.

रुझारच्या डाव्या मेंदूत एक गुठळी अडकली
आणि शब्द गेले.
‘व्हय’ उरलं,
आणि एक शिवी. ती मात्र स्वच्छ.

डोक्यावर टोपी, टोपीत चौसष्ट तारा,
विरळ केसांत थंड जेल.
पडद्यावर चित्रं, आम्हांला परदेशातून मिळालेली:
सफरचंद. व्हय.
स्लेजगाडी. व्हय.
बर्फाचा माणूस. शिवी.

तिसऱ्या महिन्यात मी रायबंदरहून फेरी धरली,
चोडणच्या बांधावर चिखलात चप्पल घालवली,
स्वतःच फोटो काढून आणले.

मानस पडद्यावर आलं.
अपेक्षित उत्तर: दार.
तो बघत राहिला.
उजवा हात मांडीवर निजलेला,
डावा हळूच उठला, हवेतली फळी धरली,
आणि ओठ, कितीतरी वेळ नुसते ओठ,
‘भ... भर... भरती.’

संगणकानं शून्य दिलं.

बायकोनं पर्सचा बंद उघडला, मिटला, उघडला.
मी वहीत लिहिलं: भरती, अकरा वाजून चाळीस.
(घरी जाऊन पाहिलं. खरंच होती.)

फातर्पेकर सर म्हणाले, एका माणसावर काही सिद्ध होत नाही.
मग चष्मा पुसत म्हणाले, चित्रं बदल सगळी.
मेलेलं परत येत नाही, ते म्हणाले,
पण शेजारी असतात,
ज्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.
ते शिकतात. चुकत. हजारदा. विचारत राहायला माणूस लागतो.

आता रात्री अर्ज भरते आहे.
संशोधनाचा विषय: तीनशे शब्दांत.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता: शंभर शब्दांत.
पहिल्यात चोडण आलं, चिखल आला, ते शून्य आलं.
दुसरा रकाना कोरा आहे.

काल निघताना बायकोनं सुक्या सुंगटांची पुडी हातात दिली,
विचारलं, तुझी ही नोकरी पर्मनंट?
मी नाही म्हणायच्या आत
रुझार म्हणाला, ‘व्हय.’

चूक की बरोबर,
वहीत नोंदवायचं राहून गेलं.